विषाणू पेशीत शिरतो हे ठीक, पण माणूस आजारी नक्की कशाने पडतो?

गोगलगाय

विषाणू शिकवताना एक साखळी ठरलेली असते: चिकटला, आत शिरला, स्वतःच्या प्रती काढल्या, पेशी फोडून बाहेर पडला, माणूस आजारी. पहिल्या चार पायऱ्यांबद्दल माझी हरकत नाही. शेवटची उडी मात्र पटत नाही.

सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसने नाकाच्या अस्तराची फारशी मोडतोड होत नाही, तरी नाक धो धो वाहतं. हेपटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशीत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो, पेशी फोडत नाही. उलट पोलिओत मज्जारज्जूतल्या चेतापेशी खरोखर मरतात आणि पाय कायमचा लुळा पडतो. 'पेशी फुटली म्हणून आजार' हे उत्तर या तिघांना एकसारखं लागू होत नाही.

माझं मत असं की आजार तीन गोष्टींवर ठरतो. विषाणूला कुठल्या पेशीत शिरता येतं, शिरल्यावर तो त्या पेशीचं काय करतो, आणि शरीर त्याला काय उत्तर देतं. यातली तिसरी गोष्ट आपण सगळ्यात कमी शिकवतो. जाणकारांनी एकेक विषाणू धरून लिहावं: कुठली पायरी, कुठलं प्रथिन, कुठलं लक्षण. 'प्रतिकारशक्ती वाढवा' एवढ्यावर थांबणारे प्रतिसाद कृपया नकोत.

टिटवी

तुमच्या पहिल्या मुद्द्यावर लिहिते.

विषाणू स्वतःहून कुठे जात नाही. तो द्रवात इकडेतिकडे ढकलला जातो आणि ज्या रेणूवर त्याचं प्रथिन नीट बसतं तिथे अडकतो. हा रेणू म्हणजे ग्राही. त्याला कुलूप-किल्लीची उपमा सर्रास देतात, पण ती अर्धीच बरोबर आहे, कारण हे कुलूप विषाणूसाठी लावलेलं नसतं. पेशीला तो रेणू स्वतःच्या कामाला लागतो. एसीई-२ हे अँजिओटेन्सिन-२ ची काटछाट करून रक्तदाबाच्या यंत्रणेला आवर घालणारं एन्झाइम. सार्स-कोव्ह-२ नेमकं तेच धरतो. यकृताच्या पेशी पित्तक्षार आत ओढायला एनटीसीपी नावाचं प्रथिन वापरतात. हेपटायटिस बी त्यावरून आत येतो. या विषाणूचं प्रतिजन, म्हणजे शरीर ज्यावरून त्याला ओळखतं ते प्रथिन, १९६० च्या दशकात सापडलं होतं, त्याचं दार सापडायला मात्र २०१२ साल उजाडलं.

दार पेशीच्याच कामाचं असल्यामुळे ते सरसकट बंद करता येत नाही. सीसीआर-५ हा पेशीवरचा रेणू ठळक अपवाद. एचआयव्हीला आत शिरायला प्रतिकारयंत्रणेच्या टी-पेशींवरचा सीडी-४ हा रेणू लागतो आणि जोडीला सीसीआर-५ किंवा सीएक्ससीआर-४. सीसीआर-५ च्या जनुकातल्या ३२ बेस-जोड्या गळालेली प्रत आई आणि वडील दोघांकडून मिळालेल्या माणसांना एचआयव्हीची लागण सहसा होत नाही, आणि त्या रेणूवाचून त्यांचं फारसं अडतही नाही. टिमोथी रे ब्राउन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी २००७ मध्ये अशाच दात्याच्या मूळपेशी दिल्या गेल्या आणि ते एचआयव्हीतूनही बरे झाले. मॅराविरॉक हे औषध हाच रेणू अडवतं.

फ्लूचं दार साखरेचं आहे, सियालिक आम्लाचं. ते शेजारच्या साखरेला २,६ जोडणीने लागलेलं असेल तर माणसांच्या फ्लूला सोयीचं, २,३ जोडणीने असेल तर पक्ष्यांच्या फ्लूला. माणसाच्या नाकात आणि श्वासनलिकेत २,६ जास्त. २,३ मुख्यतः फुप्फुसात खोलवर. म्हणून पक्ष्यांचा फ्लू माणसाला झालाच तर न्यूमोनिया जबर होऊ शकतो, पण खोकल्यातून दुसऱ्या माणसाकडे तो सहज जात नाही. तो का पसरत नाही याचं बरंचसं उत्तर त्या एका जोडणीत आहे.

घननीळ

टिटवीताई, उत्तम प्रतिसाद. पुरवणी जोडतो, कारण ग्राही असणं पुरेसं नाही.

सियालिक आम्ल शरीरात जवळजवळ सगळीकडे आहे. मग साधा फ्लू श्वसनमार्गातच का राहतो? फ्लूचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन आधी एका अखंड साखळीच्या रूपात तयार होतं. ती साखळी एका ठराविक जागी कापली गेल्याशिवाय विषाणू पेशीला चिकटतो, पण त्याचं आवरण पेशीच्या पटलात मिसळत नाही. कापणारं एन्झाइम विषाणूकडे नसतं, ते आपलं असतं: श्वसनमार्गातली ट्रिप्सिनसारखी एन्झाइम्स, त्यात टीएमपीआरएसएस-२ महत्त्वाचं. जिथे ती नाहीत तिथे तयार झालेला विषाणू निकामी.

एच-५ आणि एच-७ गटातल्या काही वाणांत कापण्याच्या जागी आर्जिनिन-लायसिनची रांग असते. ती फ्युरिन नावाचं एन्झाइम कापतं, आणि फ्युरिन जवळपास प्रत्येक पेशीत आहे. त्यामुळे कोंबड्यांत हे वाण मेंदू, हृदय, सगळीकडे पोचतात आणि पक्षी एक-दोन दिवसांत मरू शकतो. ग्राही तोच, विषाणूचं कुळ तेच. फरक फक्त कापण्याच्या जागेवरच्या चार-पाच अमिनो आम्लांचा.

प्रयोगशाळेत हे रोज दिसतं. एमडीसीके या कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर फ्लू वाढवताना माध्यमात मिलिलिटरला साधारण १ मायक्रोग्रॅम टीपीसीके-प्रक्रिया केलेलं ट्रिप्सिन घालावं लागतं. ते राहिलं तर पहिल्या फेरीतच वाढ खुंटते. ट्रिप्सिन घातलं, पण पेशी वाढवताना घातलेलं सीरम (रक्तातला द्रव) धुतलं नाही, तरी तोच निकाल, कारण सीरममध्ये ट्रिप्सिन अडवणारी प्रथिनं असतात. पेशी सीरमविरहित माध्यमाने दोनदा धुवायच्या, मगच विषाणू. आणि ट्रिप्सिन जास्त झालं तर पेशीच तळ सोडून तरंगायला लागतात.

प्राजक्त७

वाचनखूण साठवली. एक शंका: काही ठिकाणी 'पेशीच विषाणूला गिळते' असं वाचलं, काही ठिकाणी 'विषाणू पटलातून थेट शिरतो'. नक्की कुठलं?

त्रिज्या

दोन्ही, प्राजक्त. आणि कुठला विषाणू कुठला रस्ता घेतो यावर औषध चालणार की नाही हे ठरतं.

फ्लू आतल्या रस्त्याने जातो. पेशी त्याला पटलाच्या पिशवीत घेऊन आत ओढते. ही पिशवी म्हणजे एंडोसोम. आत जाता जाता पिशवी आम्लधर्मी होत जाते. पीएच ५ ते ५.५ च्या आसपास आला की हिमॅग्लुटिनिनचा आकार बदलतो, आत दडलेलं टोक बाहेर येऊन एंडोसोमच्या पटलात रुततं, मग प्रथिन स्वतःवर दुमडून दोन्ही पटलं एकमेकांजवळ ओढतं. त्याच वेळी विषाणूच्या आवरणातली एम-२ नावाची वाहिनी हायड्रोजनचे आयन आत सोडते, आतली प्रथिनं सैल होतात आणि आरएनए मोकळा होतो. अमँटाडिन हे फ्लूचं औषध हीच वाहिनी बंद करायचं. आज फिरणाऱ्या ए प्रकारच्या फ्लूने एम-२ मध्ये बदल करून ते औषध निरुपयोगी केलं आहे.

सार्स-कोव्ह-२ ला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. पेशीवर टीएमपीआरएसएस-२ असेल तर विषाणूचं पेशीला धरणारं काटा-प्रथिन (स्पाइक) पृष्ठभागावरच कापलं जातं आणि विषाणू तिथूनच शिरतो. नसेल तर एंडोसोममध्ये जाऊन कॅथेप्सिन-एल कडून कापून घेतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा सगळा घोळ इथेच झाला. सुरुवातीचे प्रयोग व्हेरो पेशींवर होते, म्हणजे आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी. त्यांच्यात टीएमपीआरएसएस-२ जवळपास नसतं, म्हणून विषाणूला आतलीच वाट धरावी लागते. हे औषध एंडोसोमची आम्लता घटवतं, तेव्हा तिथे विषाणू अडला. माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर टीएमपीआरएसएस-२ असतं. तिथे विषाणू पृष्ठभागावरून शिरला आणि औषधाचा उपयोग झाला नाही. रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांतही फायदा दिसला नाही. कुठलंही 'विषाणू मारणारं' औषध वाचलं की पहिला प्रश्न विचारा: कुठल्या पेशींवर?

इबोलाची गोष्ट आणखी वेगळी. त्याचा खरा ग्राही, एनपीसी-१, पेशीच्या बाहेर नसतोच. तो आतल्या पिशवीत असतो. आधी गिळलं जायचं, तिथल्या एन्झाइम्सकडून प्रथिन छाटून घ्यायचं, मगच ग्राही भेटतो.

ज्यांना आवरणच नाही त्यांना, म्हणजे पोलिओ, नोरो, अडिनो यांना, पटलं मिसळण्याचा मार्ग नाही. ते पिशवीला भोक पाडतात किंवा ती फाडतात.

पाणकोंबडी

आवरण नाही म्हणजे साबणाने धुवून जायलाही काही नाही! मग नोरोव्हायरसच्या वेळी हात धुवायला का सांगतात?

त्रिज्या

साबण आवरणवाल्या विषाणूंचं आवरण विस्कटतो, हे खरं. पण हात धुण्यात दुसरं कामही होतं: चोळणं आणि वाहत्या पाण्याने कण निघून जाणं. नोरोच्या बाबतीत हेच कामाचं. अल्कोहोलचा द्रव त्यावर भरवशाचा नाही, म्हणून साबण, पाणी आणि किमान २० सेकंद चोळणं. उलटी झालेली फरशी पुसायला १००० ते ५००० पीपीएम क्लोरीनचा द्राव लागतो. आधी घाण उचलायची, मग द्राव ओतायचा, कारण घाणीतले सेंद्रिय पदार्थ क्लोरीन खाऊन टाकतात.

आवरणवाल्यांसाठी अल्कोहोल ६० ते ८० टक्के हवं. ९५ टक्क्यांचं जास्त जालीम असेल हा समज चुकीचा. प्रथिनं उलगडायला थोडं पाणी लागतं, आणि निव्वळ अल्कोहोल लवकर उडूनही जातं.

शेवंती_ग

आत शिरल्यावरचं कुणी लिहा ना. 'पेशीची यंत्रणा ताब्यात घेतो' हे वाक्य शंभरदा वाचलं, पण म्हणजे करतो काय?

घननीळ

शेवंतीताई, ते त्याच्या जनुकीय मालावर ठरतं. पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला संदेशवाहक आरएनए लागतो, त्यामुळे प्रत्येक विषाणूपुढे एकच अडचण असते: आपल्या मालापासून रायबोसोमला वाचता येईल असा आरएनए बनवायचा.

पोलिओ आणि कोरोना यांचा आरएनए थेट वाचता येतो. आत पडला की रायबोसोम त्यावर कामाला लागतो. कोरोनाचा आरएनए सुमारे ३०,००० न्यूक्लिओटाइडचा, पोलिओचा ७,५०० च्या आसपास. आधी एक लांबच लांब प्रथिन तयार होतं आणि विषाणूचंच प्रोटिएज, म्हणजे प्रथिन कापणारं एन्झाइम, त्याचे तुकडे पाडतं. निरमाट्रेल्विर हे औषध कोरोनाचं मुख्य प्रोटिएज अडवतं. तुकडे पडले नाहीत की पुढचं काम थांबतं.

फ्लूचा आरएनए उलट्या दिशेचा, आठ तुकड्यांत. तो वाचता येत नाही, म्हणून प्रती काढणारं एन्झाइम विषाणूला सोबत आणावं लागतं. फ्लू केंद्रकात जातो आणि तिथे पेशीच्या ताज्या आरएनएचं टोक, १० ते १३ न्यूक्लिओटाइडचं, टोपीसकट (टोकाला लागलेली रासायनिक खूण) कापून आपल्या आरएनएला लावतो. टोपी असल्याशिवाय रायबोसोम आरएनए सहसा घेत नाही. एका घावात दोन कामं: आपला आरएनए चालू, पेशीचा बाद. बॅलोक्साव्हिर हे फ्लूचं औषध ही कापाकापी अडवतं.

पोलिओ दुसऱ्या बाजूने येतो. रायबोसोमला टोपीजवळ नेणारं ईआयएफ-४जी हे प्रथिन तो कापून टाकतो. पेशीचं स्वतःचं प्रथिन बनवणं काही तासांत मंदावतं, आणि पोलिओचा आरएनए टोपीशिवाय वाचला जात असल्याने त्याला काही फरक पडत नाही.

एचआयव्ही आरएनएचा डीएनए करून तो आपल्या गुणसूत्रात शिवून टाकतो. उलट दिशेने नकल करणारं हे एन्झाइम १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधलं. आजची औषधं विषाणूची वाढ पूर्ण दाबून ठेवतात, तरी बंद करताच तो परत येतो, कारण शिवलेला डीएनए निद्रिस्त टी-पेशींत तसाच राहतो.

अबोली

सुंदर धागा. 'प्रती काढल्या' या पायरीला लोक लगेच घडणारी गोष्ट समजतात, म्हणून थोडं मोजमापाबद्दल.

विषाणू आत शिरला की काही तास पेशी फोडून पाहिली तरी लागण करू शकणारा एकही कण सापडत नाही. सुटे भाग झालेले असतात, जोडणी व्हायची असते. पोलिओचं पूर्ण चक्र साधारण ८ तासांचं. फ्लूचे नवे कण ६ ते ८ तासांनी बाहेर पडू लागतात.

जिवंत विषाणू मोजायची जुनी आणि अजून भरवशाची पद्धत म्हणजे प्लाक मोजणी. सहा कप्प्यांच्या तबकडीत पेशींचा सलग थर हवा, मध्ये फटी नकोत. नमुना दहापट-दहापट विरळ करत न्यायचा, दर वेळी नवं टोक. ०.२ मिलिलिटर कप्प्यात घालून ३७ अंशांवर तासभर, दर १५ मिनिटांनी तबकडी हलवायची. नाहीतर मध्यभागच्या पेशी कोरड्या पडून मरतात आणि तो डाग विषाणूचा वाटतो. मग वरून अगारोजचा थर. तो ४२ अंशांच्या आसपास असावा. जास्त गरम ओतला तर पेशी भाजतात, थंड झाला तर गुठळ्या होतात. या थरामुळे नवे विषाणू लांब जाऊ शकत नाहीत, शेजारच्याच पेशींना लागतात, आणि दोन-तीन दिवसांत मेलेल्या पेशींचं गोल भोक दिसतं. फॉर्मलडिहाइडने स्थिर करून क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलं की जांभळ्या थरात पांढरी वर्तुळं उठून दिसतात.

एका लाखात एक विरळ केलेल्या कप्प्यात ४२ भोकं आली तर ४२ भागिले ०.२, गुणिले १,००,०००: म्हणजे मिलिलिटरला २.१ कोटी. शंभराच्या वर भोकं असलेला कप्पा मोजू नये, ती एकमेकांत मिसळतात आणि आकडा कमी येतो.

गोगलगाय यांच्या मुद्द्याला धरून महत्त्वाचं: जो विषाणू पेशी मारत नाही तो या पद्धतीत भोक पाडत नाही. त्याला प्रतिपिंडाचा (विषाणूला ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनाचा) रंग लावूनच शोधावं लागतं. म्हणजे 'पेशी मेली' आणि 'लागण झाली' या दोन गोष्टी तबकडीतसुद्धा वेगळ्या आहेत.

कवडसा

आता तिसरा मुद्दा. रुग्णाला जे जाणवतं, ताप, अंगदुखी, गळून जाणं, ते बहुतांशी शरीराचंच उत्तर असतं. याचा सरळ पुरावा हेपटायटिस सीच्या जुन्या उपचारात आहे. तेव्हा इंटरफेरॉनची, म्हणजे लागण झालेली पेशी धोक्याचा इशारा म्हणून सोडते त्या प्रथिनाची, इंजेक्शनं देत. सुई टोचल्यावर काही तासांत थंडी, ताप, स्नायूदुखी, हुबेहूब फ्लू. त्या सुईत विषाणू नसायचा.

इंटरफेरॉन १९५७ मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांना सापडलं. पेशीत दुहेरी आरएनए किंवा टोपी नसलेला आरएनए दिसला की आरआयजी-१ सारखी प्रथिनं ते ओळखतात, पेशी इंटरफेरॉन सोडते आणि शेजारच्या पेशी प्रथिनं बनवणं आवरतं घेतात. सोबत सुटणारी इतर रसायनं मेंदूत प्रोस्टाग्लँडिन ई-२ वाढवतात आणि तापमानाची पातळी वर सरकते. पॅरासिटामॉल ती पातळी खाली आणतं. विषाणूवर त्याचा परिणाम नाही.

हेपटायटिस बीमध्ये यकृताच्या पेशी मारतात त्या आपल्याच मारक टी-पेशी. म्हणून एक विचित्र वाटणारं गणित दिसतं: जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांत ती कायमची राहते, आणि बहुतेकांना तेव्हा कावीळही होत नाही. निरोगी प्रौढांत ती ५ टक्क्यांहून कमी जणांत राहते, पण कावीळ प्रौढांतच जास्त दिसते. बाळाचं शरीर विषाणूला फारसं हटकत नाही, म्हणून बाळ शांत दिसतं आणि विषाणू टिकतो. जन्मानंतर २४ तासांच्या आत लस द्यायची ती याचसाठी.

गोवराचं पुरळही तसंच. ते टी-पेशी त्वचेतल्या लागण झालेल्या पेशींवर तुटून पडल्याची खूण आहे. ज्यांच्या टी-पेशी दुबळ्या आहेत अशा मुलांत पुरळ न येताच गोवर फुप्फुसात जाऊन जीव घेऊ शकतो. पुरळ नाही म्हणून निश्चिंत होऊ नये.

डेंग्यूत तर मागचं उत्तरच अंगाशी येतं. चार प्रकारांपैकी एक होऊन गेला की त्याचे प्रतिपिंड दुसऱ्या प्रकाराला चिकटतात, पण निष्प्रभ करत नाहीत. मोनोसाइट या पांढऱ्या पेशी त्या प्रतिपिंडाच्या शेपटीला धरून विषाणूसकट आत घेतात. विषाणूला ग्राही आयता मिळतो. पुढे केशवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपतो, आणि तो बहुधा ताप उतरताना, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, २४ ते ४८ तास. घरचे 'ताप गेला' म्हणून सुस्कारा सोडतात तीच वेळ धोक्याची. पोटात असह्य दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय. प्लेटलेटच्या आकड्याइतकंच हिमॅटोक्रिटकडे, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाकडे, लक्ष हवं. ते २० टक्क्यांनी वाढलं तर रक्तद्रव गळतोय. आणि अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन अजिबात नको.

ध्रुवमत्स्य

कवडसा, माहिती बिनचूक, पण लंबक फार एका बाजूला जातोय. हे वाचून कुणी 'म्हणजे प्रतिकारशक्तीच शत्रू' असं म्हणेल, आणि ते चूक ठरेल. २०२० मध्ये कोव्हिडने जीवघेण्या आजारी पडलेल्यांची तपासणी झाली तेव्हा सुमारे १० टक्के जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारे प्रतिपिंड सापडले. पहिलं उत्तर वेळेवर न आल्याने ते बुडाले. फ्लूचं एनएस-१ प्रथिन आरआयजी-१ ची यंत्रणा दाबतं. ते काढून टाकलं तर विषाणू पांगळा होतो. विषाणू ज्याच्यावर इतकी मेहनत घेतो ते शरीराच्या फायद्याचंच असणार.

आणि विषाणू थेट इजा करतो अशी ठोस उदाहरणं आहेत. पोलिओ वर आलाच आहे. लागण झालेल्या साधारण २०० पैकी एकाला कायमचा लुळेपणा येतो, तो चेतापेशी मेल्याने. रोटाव्हायरस आतड्याच्या अंकुरांच्या टोकावरच्या पेशी मारतो, म्हणजे नेमक्या पाणी शोषणाऱ्या. त्यावर एनएसपी-४ हे त्याचं प्रथिन विषासारखं काम करून पाणी बाहेर सोडायला लावतं. तरीही सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत नेणारी वाट शिल्लक असते, म्हणून ओआरएस चालतं. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण: एक लिटर पाण्याला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. पाकिटात पाणी कमी घातलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक वाढू शकतं. साखर जास्त घातली तर ती आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच, अंदाजाने नको.

शेवंती_ग

ध्रुवमत्स्य यांना अनुमोदन. रेबीज या दोन्हींत कुठे बसतो?

टिटवी

कुठेच नाही, आणि म्हणूनच तो या धाग्यात हवा.

चावल्यावर विषाणू आधी स्नायूत असतो. स्नायू आणि चेतापेशी जिथे भेटतात तिथून तो चेतातंतूत शिरतो आणि पेशीच्याच डायनीन या वाहक प्रथिनाला धरून मेंदूकडे जातो. रक्तात तो जवळपास उतरतच नाही, त्यामुळे प्रतिकारयंत्रणेला फारसं कळत नाही. मेंदूत पोचल्यावरही चेतापेशींची मोडतोड आजाराच्या मानाने आश्चर्य वाटावं इतकी कमी दिसते. पेशी जिवंत असतात, काम मात्र बिघडलेलं असतं. ना पेशी फुटण्याचा आजार, ना प्रामुख्याने दाहाचा. लक्षणं सुरू झाल्यावर तो जवळपास नेहमीच प्राणघातक.

वाचवणारी गोष्ट एकच: प्रवास संथ आहे. लक्षणं दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, क्वचित आठवडाभरच. त्या अवधीत प्रतिपिंड तयार झाले तर विषाणू चेतातंतूत शिरण्याआधी अडवता येतो. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवायची. या विषाणूला आवरण आहे, साबण त्याचं काम करतो. मग लस, आणि रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंड) थेट जखमेत आणि तिच्याभोवती. ते लशीच्या पहिल्या मात्रेसोबतच द्यावं. राहून गेलं तर सात दिवसांपर्यंत चालतं, पुढे नाही, कारण तोवर लशीचे प्रतिपिंड येऊ लागतात. मेंदूजवळच्या चाव्याला, चेहऱ्यावर किंवा मानेवर, अंतर कमी असल्याने वेळही कमी.

पाणकोंबडी

रेबीजचा प्रतिसाद प्रत्येक घरात वाचून दाखवावा असा आहे. १५ मिनिटं म्हणजे खरंच घड्याळ लावून, दोन तांबे पाणी ओतून नव्हे.

प्राजक्त७

थोडं अवांतर: आजार बरा झाल्यावरही पीसीआर पॉझिटिव्ह का राहतो?

अबोली

पीसीआर आरएनएचा तुकडा मोजतो, जिवंत विषाणू नाही. मेलेल्या पेशींतले तुकडे आठवडेच्या आठवडे सापडू शकतात. सीटी म्हणजे किती फेऱ्यांनी संकेत दिसला तो आकडा, साधारण ३.३ फेऱ्यांचा फरक म्हणजे दहापट. १८ आणि २८ यांत सुमारे हजारपट अंतर आहे. पण दोन वेगळ्या यंत्रांचे किंवा वेगळ्या नमुन्यांचे सीटी शेजारी ठेवू नयेत. स्वॅब वरवर फिरवला तरी आकडा चढतो.

गोगलगाय

सगळ्यांचे मनापासून आभार. ध्रुवमत्स्य यांची दुरुस्ती मान्य, आणि रेबीजमुळे माझ्या दुसऱ्या मुद्द्याला धार आली: पेशी 'मरते' आणि 'बिघडते' हे वेगळं शिकवायला हवं.

आता मूळ प्रश्नाचं व्यवहारातलं टोक. एकाच रुग्णात विषाणूचा भाग कुठे संपतो आणि शरीराच्या उत्तराचा कुठे सुरू होतो, हे ओळखता येतं का?

कवडसा

रेघ मारता येत नाही, पण औषधांच्या वेळा पाहिल्या की अंदाज येतो. ओसेल्टामिव्हिर हे फ्लूचं औषध नवे कण पेशीपासून सुटू देत नाही. विषाणूची वाढ पहिल्या दोन दिवसांत शिखरावर असते, म्हणून ४८ तासांच्या आत दिलं तर फायदा सर्वाधिक. नागिणीत असायक्लोव्हिर शक्यतो ७२ तासांच्या आत. हे औषध आधी विषाणूच्या थायमिडिन कायनेज या एन्झाइमकडून सक्रिय व्हावं लागतं, म्हणून निरोगी पेशींना त्याचा त्रास कमी.

कोव्हिडमध्ये हे सर्वात स्पष्ट मोजलं गेलं. विषाणूरोधक गोळ्या लक्षणं आल्यापासून पाच दिवसांच्या आत. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मात्र दाह दाबणारं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत, जून २०२०, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, असं दिलं गेलं. २८ दिवसांतले मृत्यू पाहिले तर कृत्रिम श्वासावरच्या रुग्णांत ते ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना काहीच लाभ नाही. आकडे उलट १४ वरून १७.८ कडे झुकले, जरी तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

औषध तेच, विषाणू तोच. ऑक्सिजन लागेपर्यंत विषाणू पुढे असतो, तेव्हा दाह दाबणं म्हणजे त्याला मोकळं रान. म्हणून साध्या तापात घरच्या घरी स्टेरॉइड सुरू करू नका, कुणाच्या जुन्या चिठ्ठीवरून तर मुळीच नको.